वाळू, राख आणि मांजर

पहिल्यांदा तिनं माझ्या नवऱ्याची गोधडी निवडली. दुसऱ्यांदा सोफ्याचा उजवा कोपरा. तिसऱ्यांदा, ऐन पाडव्याला, ओवाळायच्या पाटाशेजारी ठेवलेली इस्त्रीच्या कपड्यांची चळत. घरात चकल्यांच्या तळणीचा घमघमाट होता आणि त्याच्या खालून, दार उघडलं की नाकात शिरणारा, दुसराच एक वास. आलेले पाहुणे काही बोलले नाहीत. फराळाचं ताट मात्र सगळ्यांनी खाली इमारतीच्या आवारात खुर्च्या टाकून घेतलं.

सासूबाई म्हणाल्या, "डूख धरलाय तिनं. तिच्या घरातून उठवून आणलंय ना तिला."

या बोलण्यातला पहिला भाग चुकीचा होता आणि दुसरा बरोबर. हे कळायला मला अडीच महिने लागले.

भुरी आमच्याकडं आली ती दसरा झाल्यावर, कोंबड्यांच्या डालग्यात, वरून गोणपाट बांधून. पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या माथ्यावर आमचं थोडं शेत आहे. ते बटईनं करणारं जोडपं दरवर्षी कोयता घेऊन साखर कारखान्याच्या ऊसतोडीला जातं. आमच्याकडं ‘कोयता’ म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्याच्या हिशेबानं. दिवाळीच्या सुमारास बीडच्या डोंगरपट्ट्यातली गावं अशी रिकामी होत जातात. कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी सातारा-पुण्याकडं, कुणी सीमा ओलांडून कर्नाटकात. मागं राहतात म्हातारी माणसं, शाळेतली काही पोरं आणि मांजरं. कुत्रं टायरगाडीमागं चालत जातं, शेळी ट्रकमध्ये चढते, कोंबड्या डालग्यात बसतात. मांजर नेत नाहीत. इतकी वर्षं भुरीचं भागलं, कारण घरात म्हातारी आई असायची. पावसाळ्यात म्हातारी गेली आणि त्या घराला पहिल्यांदाच कुलूप लागायची वेळ आली.

"कोपीवर कुठं न्यावं हिला?" बाई म्हणाली. कोपी म्हणजे फडावरचं खोपटं. "दोन दिसांत हारपंल."

म्हणून डालगं आमच्या गाडीत आलं. मांजरा नदी आमच्याच पाटोदा तालुक्यात उगम पावते, बीडला उतरताना वाटेत मांजरसुंबा लागतो, आणि तरी मांजराविषयी आम्हांला काडीची अक्कल नव्हती. घाटभर ती ओरडत होती. आम्ही रेडिओचा आवाज वाढवला.

मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं असं आपण म्हणतो. पण ते स्वतः फिरवतं, आपल्या वेळेला, आपल्या जबड्यात धरून. वैष्णव आचार्यांनी शरणागतीचे दोन दृष्टान्त दिलेत: माकडाचं पिल्लू आईला घट्ट धरून असतं तो मर्कटन्याय, आणि मांजराचं पिल्लू सगळा भार आईवर सोडून लोंबकळतं तो मार्जारन्याय. डालग्यात कोंडून घाट उतरलेल्या मांजराची साक्ष काढली असती, तर आचार्यांनी दुसरा दृष्टान्त शोधला असता.

माकडांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातलं लवूळ गाव देशभर गाजलं. तिथली माकडं कुत्र्यांची पिल्लं उचलून उंचावर नेत होती, पिल्लं पडून मरत होती. शेवटी वनखात्यानं दोन माकडं पकडली. मेलेल्या पिल्लांचे आकडे बातमीगणिक फुगत गेले, मीम निघाले, आणि चार दिवसांनी सगळे विसरले. प्राण्यांचं वागणं आपल्याला दिसतं ते असं, सूडकथा होऊन. सासूबाईंचा ‘डूख’ त्याच घराण्यातला.

पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले तेव्हा पुढं दोन लाल कंधारी बैल आणि एक अडलेली शेळी होती. तासाभरानं नंबर लागला. परभणीला शिकलेला तरुण डॉक्टर होता. मांजर टेबलावर पाहून त्याचा चेहरा खुलला. कौतुकानं असेल किंवा बदल म्हणून असेल. त्यानं आधी भुरीला हातच लावला नाही, मला प्रश्न विचारले. खाली बसून करते की उभी राहून, शेपटी ताठ करून भिंतीवर? भरपूर करते की थेंब थेंब? बसल्यावर ओरडते का? लघवीत लाली? पाणी किती पिते? घरात नवीन काय झालं?

शेवटच्या प्रश्नाला मी म्हटलं, "तीच नवीन आहे."

हे प्रश्न उगाच नसतात. उभं राहून, पाठ भिंतीकडं करून, शेपटीचं टोक थरथरवत जो फवारा उडतो ती मुळात लघवीची गरज नव्हे, ती पाटी आहे: ही जागा माझी. बहुधा बोक्याचं काम. आमच्या ओळखीचे एक किराणा दुकानदार अंबाजोगाईत आहेत. त्यांच्या बोक्यानं तूरडाळीच्या पोत्यांवर अशा पाट्या लावल्या होत्या आणि गिऱ्हाईक डाळ हुंगून परत जायचं. त्याची नसबंदी केली आणि महिन्याभरात प्रकार थांबला. दहापैकी जवळपास नऊ बोक्यांत असा फरक पडतो. ज्यांना ते क्रूर वाटतं त्यांनी मध्यरात्री पत्र्यावर चाललेली बोक्यांची मारामारी आठवावी.

वास इतका उग्र का, यामागं रसायनशास्त्र आहे. मांजराच्या लघवीत फेलिनिन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं. ते हवेत विघटित झालं की तो खास दर्प सुटतो. जपानमधल्या मासाओ मियाझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की मूत्रपिंडात तयार होणारं कॉक्सिन हे प्रथिन फेलिनिनच्या निर्मितीला हातभार लावतं. नसबंदी न झालेल्या बोक्यात दोन्ही भरपूर. म्हणजे आपण ज्याला घाण म्हणतो ते त्याचं ओळखपत्र असतं.

डॉक्टरचं एक वाक्य मी फ्रिजच्या दारावर लिहून ठेवलंय, ते इथंही लिहिते. बोका पुन्हा पुन्हा बसतोय, जोर लावतोय आणि काही येत नाही, असं दिसलं तर फोनाफोनी करू नका, उचला आणि दवाखाना गाठा. बोक्याची मूत्रनळी अरुंद असते. खडे किंवा चिकट गाळ अडकून ती बंद झाली की रक्तात विष साठतं आणि दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. लोक त्याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजतात. दुसरं त्याहून वाईट: ‘दुखत असेल बिचाऱ्याला’ म्हणून घरातली तापाची गोळी. पॅरासिटामॉल मांजराच्या यकृताला पचवता येत नाही. आपली साधी एक गोळी त्याचा जीव घेऊ शकते.

भुरीला खडे नव्हते, ताप नव्हता. डॉक्टरनं प्रतिजैविक लिहून दिलं नाही, तेव्हा मला जरा फसवल्यासारखं वाटलं. डॉक्टरकडं जाऊन रिकाम्या हातानं परतायची आपल्याला सवय नाही. पण तरुण मांजरांत मूत्राशयाच्या तक्रारीमागं जंतू क्वचितच निघतात. निम्म्याहून अधिक वेळा तपासणीत काही सापडतच नाही. मूत्राशयाला सूज असते आणि सुजेचं कारण मूत्राशयाबाहेर असतं. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातले टोनी बफिंग्टन यांनी या दुखण्याचा पिच्छा पुरवला आणि २०११ मध्ये त्याला ‘पँडोरा सिंड्रोम’ असं नाव सुचवलं. त्याच वर्षी त्यांच्या गटाचा एक अभ्यास आला. ३२ मांजरं, त्यांतली २० या दुखण्याची आणि १२ धडधाकट. ७७ आठवडे त्यांच्यावर नजर ठेवली. खाण्याची वेळ बदलली, देखभाल करणारं माणूस बदललं, रोजचा क्रम मोडला की उलट्या, खाणं सोडणं, ठरलेल्या जागेबाहेर लघवी, हे सगळं वाढायचं. मला यातली पुढची गोष्ट लागली: धडधाकट मांजरांतही ते वाढायचं. म्हणजे आजारी मांजर बिघडतं एवढंच नाही, उलथापालथ चांगल्या मांजरालाही आजारी करते.

भुरीचं माणूस मेलं होतं. मग घर गेलं. मग डालगं, घाट, रेडिओ. मग तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, गुळगुळीत फरशी, मिक्सर आणि प्रेशर कुकर.

आणि मग फिनेल. ती चूक माझी. गोधडी भिजलेली दिसली की मी बादलीभर फिनेल ओतायचे आणि तिचं नाक त्या डागाजवळ नेऊन दटावायचे. लहानपणी आमच्याकडं कुत्र्याला असंच शिकवायचे (कुत्रंही त्यानं काही शिकलं असेल असं आता वाटत नाही). मांजराला त्यातून एवढंच कळतं की ही बाई धोक्याची आहे, आणि धोका म्हणजे आणखी ताण, आणि ताण म्हणजे आणखी लघवी. फिनेलनं वास जात नाही, वासावर वास चढतो. मांजर त्याच्यावर पुन्हा आपला वास चढवतं. शिवाय त्यातले फिनॉलचे घटक मांजराला विषारी. पंजाला लागलं, पंजा चाटला, पोटात गेलं.

डाग काढायची रीत साधी आहे, फक्त उलट क्रमानं लक्षात येते. आधी वर्तमानपत्र दाबून ओल शोषायची, चोळायचं नाही. मग गार पाणी. मग एन्झाइमचा साबणचुरा कोमट पाण्यात कालवून तासभर मुरू द्यायचा, कारण तो दर्प तोडायला एन्झाइमच लागतं. मग ऊन. बीडच्या उन्हाचे मी आयुष्यात पहिल्यांदा आभार मानले. नोटा तपासायची निळी टॉर्च असते ना, दुकानदारांकडं? ती रात्री दिवे घालवून फिरवली की जुने डाग उजळून दिसतात. आम्ही फिरवली. तीन ठिकाणं माहीत होती, सात निघाली.

पण धुवायला पाणी लागतं, आणि आमच्या शहरात नळाला पाणी कधी येतं हे विचारणं शिष्टाचाराला धरून नाही. पिंपातलं पाणी मोजून वापरणाऱ्या घरात मांजरानं गादी भिजवणं ही वेगळ्या प्रतीची आपत्ती असते. यातली गंमत अशी की मांजर स्वतः मुळातलं दुष्काळी जनावर. २००७ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून स्पष्ट झालं की जगभरची पाळीव मांजरं पश्चिम आशियातल्या रानमांजराची लेकरं आहेत. त्या कोरड्या प्रदेशात शिकारीच्या मांसातल्या ओलाव्यावर जगायचं, पाणी कमी प्यायचं आणि मूत्रपिंडांनी शेवटचा थेंब वाचवून लघवी दाट करायची, हा त्यांचा वारसा. उंदीर खाणाऱ्या मांजराचं त्यावर भागतं. कोरडे दाणे खाणाऱ्याचं भागत नाही. दाट लघवी सुजलेल्या मूत्राशयाला झोंबते. म्हणून डॉक्टरनं औषधाऐवजी पाणी सांगितलं: घरात तीन ठिकाणी पसरट भांडी, खाण्याच्या ताटलीपासून लांब, आणि दाण्यांत पाणी. दूध नको. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. हे सासूबाईंना पटवायला मला दोन दिवस लागले आणि ते अजून पुरतं पटलेलं नाही.

जागेचं काय? पुस्तकी नियम आहे: जितकी मांजरं त्याहून एक वाळूची पाटी जास्त. मांजराच्या लांबीच्या दीडपट मोठी, उघडी, खाण्यापासून दूर, आणि जिथून निसटायला दोन वाटा असतील अशी. त्यात मऊ बारीक, बिनवासाची वाळू. आम्ही प्लॅस्टिकची दोन घमेली आणली. वाळू आणायला मात्र नवरा गेला आणि तासाभरानं हात हलवत आला. गोदावरीकाठच्या गेवराईचं नाव घेतलं तरी आमच्याकडं वाळूचा विषय कुठं जातो हे जिल्ह्यातलं वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगायला नको. "मांजराला मुतायला पाहिजे," असं सांगून वाळू मागणारं गिऱ्हाईक त्या धंद्यात कुणी पाहिलं नसावं. शेवटी बांधकाम चाललेल्या एका शेजाऱ्यानं दोन पाट्या दिल्या. ती चाळणीनं चाळून, धुऊन, वाळवून भरली.

भुरीनं हुंगली, एक पंजा आत टाकला, झटकला आणि जाऊन सोफ्यावर मुतली.

जानेवारीत त्या बाईचा फोन आला. सांगलीकडच्या फडावरून, संध्याकाळी, मागं ट्रॅक्टरचा आवाज. घरची चौकशी झाल्यावर तिनं विचारलं, "भुरी कशीय?"

म्हटलं, "घरातच मुतायलीय."

ती हसली. मनापासून. "तिला राख लागती, ताई. म्हातारी चुलीतली राख न्हाणीच्या कोपऱ्यात टाकायची. तितंच जायची ती, लहान असल्यापून."

मांजराच्या पिल्लाला तिसऱ्या आठवड्यापासून महिना-दीड महिन्यापर्यंत पंजाखाली जे लागतं त्याची खूण त्याच्या मनात पक्की बसते, हे मी त्याआधी वाचलं होतं. वाचून पुढं गेले होते. राख हे उत्तर असेल असं सुचलं नाही, कारण माझ्या घरात चूल नाही.

तिला विचारलं, तू बरी आहेस ना. म्हणाली, बरी आहे, फक्त पाणी कमी पिते. का? "हितं आमालाच जागा न्हाई. उजाडायच्या आत जाऊन यायचं, मग दिवसभर धरून ठिवायचं. पाणी पिलं की पंचाईत." जे मी पुस्तकांतून मांजराविषयी गोळा करत होते, एकांताची जागा, येण्या-जाण्याची सोय, पुरेसं पाणी, ते तिनं स्वतःविषयी तीन वाक्यांत सांगितलं. मुंबईत २०११ पासून बायकांनी ‘राइट टू पी’ ही मोहीम चालवली, स्वच्छ आणि मोफत मुताऱ्यांसाठी. ऊसफडाच्या बांधावर ती अजून पोचायची आहे. फोन ठेवल्यावर भुरीच्या घमेल्याकडं बघायची मला जरा लाज वाटली. तरी दुसऱ्या दिवशी राख शोधायला गेले, हेही खरंच.

राख म्हटली की आमच्या जिल्ह्यात परळीच्या औष्णिक केंद्राची राख आठवते. वाळूसारखंच तिच्याही वाहतुकीचं राजकारण होतं. म्हणजे या मांजराला जिल्ह्यातले दोन्ही वादग्रस्त जिन्नस हवे होते. कोळशाची राख अर्थातच चालणार नव्हती. लाकडाची पाहिजे, गार झालेली. ती मिळाली एका जिलेबीवाल्याच्या भट्टीत. चाळून वाळूवर नुसता पातळ थर दिला. राख उडून नाकात जाऊ नये म्हणून थोडीच.

त्या रात्री घमेल्यातून खरवडल्याचा आवाज आला. आम्ही तिघंही जागे होतो. कुणी हललं नाही.

लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. त्यानंतरही तीनदा गोधडी धुतली. तिसऱ्यांदा तर वरच्या मजल्यावर कुणाचं तरी लग्न होतं आणि डीजे. पण आम्ही शिकत होतो. तिला आधी एकच खोली दिली, सगळं घर नाही. म्हातारीच्या वाकळेचा एक तुकडा गावाहून मागवून तिथं अंथरला, न धुता. गावचं घर माळवदाचं होतं. भिंतीत कोनाडे, वर साणं, कणगीमागं अंधार. मांजराला उंचावरून सगळं दिसावं आणि स्वतः कुणाला दिसू नये, हे त्या घरात कुणी न ठरवता साधलेलं होतं. फ्लॅटमध्ये त्यासाठी कपाटावर खोकं ठेवावं लागलं. खाणं ठरलेल्या वेळेला, सात आणि सात. वेळेचं काम सासूबाईंकडं गेलं, कारण घरात मालिकेच्या वेळा पाळणाऱ्या त्या एकट्याच. रोज संध्याकाळी नाडीला चिंधी बांधून दहा मिनिटं शिकारीचा खेळ, ते नवऱ्याकडं. वाळू उपसणं माझ्याकडं, सकाळ-संध्याकाळ. घाणेरड्या मुतारीत जायला मांजर आपल्याइतकंच नाराज असतं.

डॉक्टरनं बजावलं होतं, एवढ्यानं नाही भागलं तर चिंता कमी करणारी औषधं असतात, पण ती त्यानंच ठरवायची, माणसांच्या गोळ्यांतला तुकडा द्यायचा नाही. आम्हांला तिथवर जावं लागलं नाही. सगळ्यांचं असं होत नाही. एका ओळखीच्या घरी बाळ आलं आणि त्यांची मांजर पाळण्यातल्या दुपट्यांवर जायला लागली. त्यांनी सगळं केलं, औषधही केलं, आणि शेवटी तिला माहेरी, म्हणजे बाळंतिणीच्या बहिणीकडं, ठेवली. तिथं ती एकदाही चुकली नाही. तिला त्या घरातून काढलं हे हरणं होतं की नाही, मला ठरवता येत नाही. सटवाईचं वाहन मांजर मानतात. पाचवीच्या रात्री बाळाचं नशीब लिहायला देवी आली असेल, तर तिच्या वाहनानं दुपटी का भिजवली, असा प्रश्न त्या घरच्या आजीला पडला होता.

सासूबाईंचं आणि भुरीचं सूत कसं जमलं हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलं. त्या दुपारी माळ ओढत बसायच्या, डुलकी लागायची, डोळे अर्धवट मिटायचे, उघडायचे. समोर कपाटावर भुरी. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये मांडलं आहे की माणसानं मांजराकडं पाहून सावकाश डोळे मिटले तर मांजरही तसंच उत्तर देतं आणि जवळ यायला धजावतं. सासूबाईंना ससेक्स माहीत नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं ही म्हण त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना लावली. फेब्रुवारीत एका दुपारी भुरी उतरून त्यांच्या पदराजवळ बसली. ‘डूख’ हा शब्द त्यानंतर घरात निघाला नाही.

हंगाम संपला, गुढीपाडवा झाला, आणि चैत्रातल्या एका सकाळी ती बाई दारात. हाताला कोयत्याचे घट्टे, तोंड उन्हानं काळवंडलेलं, खांद्याला बोचकं. बोचकं तिनं खोलीत फरशीवर ठेवलं. भुरी कपाटावरून उतरली. बोचक्याभोवती दोन चकरा मारल्या, एका कोपऱ्यात नाक खुपसलं, आणि मागचे पाय जरा वाकवले. आम्ही तिघंही श्वास रोखून उभे. मी तर वर्तमानपत्र हातात घेतलं होतं.

तिनं गाल घासला. पुन्हा घासला. मग बोचक्यावर चढून वेटोळं घातलं.

"न्यावं का हिला?" बाईनं विचारलं. मग स्वतःच हिशेब केला. मृग, पेरा, खुरपणी, दसरा. "परत पाच-सहा महिन्यानं डालग्यात घालावी लागंल."

चहा झाला. बोचकं उचलताना तिनं त्यातून एक पुडकं काढून माझ्या हातात दिलं. मला वाटलं गूळ असेल, कारखान्याकडचा. उघडलं तर कोपीतल्या चुलीची राख होती, चाळलेली.